कंठ फुटल्याचे पेढे

उकिडवेसरांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. आडनावाचं आणि माणसाचं जमतंच असं नाही. मी स्वतः गोडबोले आहे, आणि मी कशी बोलते ते माझ्या भूमितीच्या वर्गात बसलेल्यांना विचारा. पण सरांच्या बाबतीत आडनावाने अगदीच थट्टा मांडली होती. शिक्षकखोलीत त्यांच्या वाट्याची एक खुर्ची होती. तिच्यावर आम्ही तपासायच्या वह्यांचे गठ्ठे ठेवायचो, कारण ती रिकामीच असणार याची सगळ्यांना खात्री. चहा ते खिडकीपासून दारापर्यंत चालत प्यायचे आणि कप ज्या टोकाला रिकामा होईल त्या टोकाला ठेवून द्यायचे. सरांचा कप शोधणं हे आपलं निम्मं काम आहे, असं शाळेचा शिपाई म्हणायचा.

शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत ते गायन शिकवत. साठीच्या दशकातली गोष्ट. मुलामुलींची एकत्र शाळा, चौकोनी पटांगण, आणि जिन्याखालच्या खोलीत गायनाचा वर्ग. शिकवत म्हणजे काय, स्वतः कधी गायचे नाहीत. एक ओळही नाही. त्यांचा बोलण्याचा आवाजच मुळी खरखरीत, फरशीवरून पत्र्याची पेटी ओढावी तसा. दोन वाक्यं झाली की खाकरावं लागे. सूर धरायला एखाद्या मुलीला हार्मोनियमवर बसवायचे आणि आपण वर्गभर फिरायचे, एकेकाच्या तोंडाजवळ कान नेत. पटलं की खांद्यावर बोट आपटायचे. नाही पटलं तर हवेत हात असा खाली दाबायचे, की जणू उकळतं दूध खाली बसवताहेत. शिक्षकखोलीत त्यांना ‘न गाणारे गवई’ म्हणत. त्यांच्यासमोरच म्हणत, आमच्याकडे पाठीमागे बोलायची पद्धत नाही.

मी नोकरीला लागून आठवडाही झाला नसेल. प्रमेय शिकवत होते, तर हे दारात उभे. उभे म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर. तास संपल्यावर म्हणाले, “बाई, तुम्ही ओरडता का हो?”

“मी शिकवते,” मी म्हणाले.

“शिकवा की. पण तुमची पट्टी काळी तीन आहे आणि तुम्ही प्रमेय सांगता काळी पाचात. दिवाळीपर्यंत घसा बसेल.”

आपल्याकडे आवाज मोजायची ही रीतच आहे. हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर तुमचा सा आरामात टेकतो, ती तुमची पट्टी. काळी एक, काळी चार, पांढरी सहा, असं. तशी ती गायकाला विचारतात. गणिताच्या बाईला कोणी विचारत नाही, त्यामुळे मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र मी कुतूहल म्हणून जरा खालच्या आवाजात शिकवून पाहिलं. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. मी हे सरांना सांगितलं नाही. त्यांनी जिन्यात मला बघून नुसती मान हलवली, म्हणजे बाहेर उभं राहून ऐकलं होतंच.

त्यांना दिसेल त्याची पट्टी काढायची खोड होती. भाजीवाली, पोस्टमन, शाळा तपासायला आलेले अधिकारी, कोणी सुटायचं नाही. आणि दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्या की त्यांना ते अंगावर आल्यासारखं होई. गणपतीचे दिवस तर त्यांना परीक्षेसारखे जात. शाळेच्या गणपतीची आरती आमचे मुख्याध्यापक पेंडसेसर सुरू करायचे. पेंडसेसरांची देवावर भक्ती होती आणि सुरावर नव्हती. ते इतक्या उंच जागी सुरुवात करायचे की पुढच्या कडव्याला मुलं किंचाळायला लागत, शिक्षक नुसते ओठ हलवत, आणि ज्याला जो सूर सापडेल तो धरून जो तो आपापल्या वाटेने देवाकडे निघे. एका वर्षी उकिडवेसरांना ते सोसलं नाही. चालू आरतीत ते पुढे झाले आणि पेंडसेसरांच्या हातातलं तबक धरून म्हणाले, “सर, खाली या.”

पेंडसेसर पाटावर उभे होते. ते खाली उतरले.

“पाटावरून नाही हो. सुरातून.”

सगळी शाळा हसली. पेंडसेसर हसले नाहीत. ते तसे वाईट नव्हते, शाळेसाठी राबायचे, पण ऐकलेलं विसरत नसत.

लष्कर भागात एक चर्च होतं. रविवारी सकाळी सर सायकल काढून तिकडे जायचे आणि कुंपणाबाहेर फेऱ्या मारत आतलं गाणं ऐकायचे. मग कोणीतरी त्यांना आत बोलावलं. तिथे त्यांना तो शोध लागला, ज्याने पुढे आमच्या शाळेचा जीव खाल्ला. एकाच वेळी चार वेगवेगळ्या ओळी गायच्या. वरच्या बायका, खालच्या बायका, वरचे पुरुष, खालचे पुरुष. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. सोमवारी शिक्षकखोलीत येऊन म्हणाले, “बाई, चार जण चार वेगळ्या गोष्टी सांगतात आणि भांडण होत नाही. पुण्यात हे बघायला मिळालं म्हणून मुद्दाम सांगतो.”

आमच्या समूहगानात तोवर सगळी पोरं एकच चाल एकाच दमात म्हणायची. सरांनी त्यांचे चार गट केले. मुलांनी सोप्रानोचा सोपानराव केला आणि आल्टोचं आलटूनपालटून केलं, ते एक वेळ चाललं. घोटाळा शेवटच्या शब्दाने केला. स्नेहसंमेलनात गाणं छान रंगलं होतं. मोठ्या मुलांनी खालून भर घालायची जागा आली, पोरं विसरली, आणि पडद्याआड येरझाऱ्या घालणाऱ्या सरांच्या तोंडून निघून गेलं, “बास! बास!”

सगळा वृंद गप्प झाला. मराठी मुलाला कोणी बास म्हटलं तर तो दुसरं काय करणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेंडसेसर आभार मानायला उठले. “अहो, संपलं नाही!” म्हणत सर पडद्यातून बाहेर धावले आणि पडद्यासकट आले. दुसऱ्या दिवसापासून त्या गटाचं नाव खर्जवाले झालं.

त्याहून मोठी अडचण अशी होती की खालच्या ओळीत कोणी टिकायचंच नाही. दोन ओळी बरोबर म्हणून झाल्या की खर्जवाले चढत चढत मूळ चालीला येऊन मिळत. आलटूनपालटूनवाल्या मुली तर पहिल्याच ओळीला फितूर. सर कपाळावर हात मारून घ्यायचे. “सगळ्यांना नवरदेव व्हायचंय! अरे, वऱ्हाडात कोणी जायचं?” पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. घंटा झाली तरी सोडायचे नाहीत, आणि पुढचा तास माझा असे, म्हणून मी दारात घड्याळ बघत उभी. अशी उभी राहून राहूनच मला ते चार ओळींचं प्रकरण आवडायला लागलं. चारही गट जेव्हा कधी चुकून आपापल्या जागी राहत, तेव्हा त्या जिन्याखालच्या खोलीचं छत वर गेल्यासारखं वाटे.

पण ज्यासाठी मला हा माणूस लिहून ठेवावासा वाटतो, ती गोष्ट वेगळीच आहे.

तेराचौदाव्या वर्षी मुलाचा आवाज बदलतो. गायला उभा राहिलेला मुलगा वरच्या सुरावर जातो आणि कोंबड्यासारखं काहीतरी बाहेर पडतं. वर्ग हसतो. तो मुलगा खाली बसतो आणि आयुष्यात परत गात नाही. निम्मा महाराष्ट्र असाच गाणं टाकून बसला आहे, असं सरांचं मत होतं. त्यांच्या वर्गात असं झालं की ते हार्मोनियम थांबवायला लावायचे, त्या मुलापाशी जाऊन त्याचा हात हातात घ्यायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, “अभिनंदन! कंठ फुटला!” दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला पेढे. सर स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे. मग एखादी मुलगी हसली तरी ती पेढ्याच्या आशेने हसे. एकदा तर दोन टारगट मुलांनी मुद्दाम आवाज फोडून दाखवला होता. सरांनी त्यांच्या गळ्यावर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, “अजून कच्चं आहे. दिवाळीनंतर या.”

पेढे मिळालेला मुलगा खिडकीजवळच्या बाकावर जाई. तिथे गायचं नाही, नुसता ताल धरायचा. सहा महिने, कधी वर्ष. आवाज स्थिरावला की सर त्याला मधल्या सुट्टीत एकट्याला बोलावून हार्मोनियमवर त्याची नवी पट्टी शोधत आणि ती त्याच्या कानात सांगत. दुसऱ्या कोणाला कळू देत नसत. ज्याची त्याने आधी ऐकावी, म्हणायचे.

मी एकदा कोणाबद्दल तरी सहज म्हणाले की त्याचा आवाज फुटलाय. सर गर्रकन वळले. “बाई, मडकं फुटतं. पालवीही फुटते. तुम्हाला कुठलं फुटणं म्हणायचंय ते आधी ठरवा आणि मग त्या मुलाशी बोला.” मी गणिताची बाई, शब्दावरून मला कोणी पकडलं की माझं डोकं फिरतं. पण मी तोंड उघडायच्या आत ते हातातला चहा अर्धा टाकून बाहेर निघून गेले होते.

त्यांना एवढं का लागलं ते मला बुधवार पेठेत कळलं. हार्मोनियमचा भाता फाटला होता, तो दुरुस्तीला न्यायचा होता, आणि मला तिकडेच शाळेसाठी पुस्तकं घ्यायची होती. सायकलच्या कॅरियरला हार्मोनियम दोरीने बांधून सर पुढे, मी मागे जवळजवळ पळत. एका दुकानात रेडिओ लावून दाखवत होते, कोणी बाई गात होत्या. सर वेग कमी न करता म्हणाले, “मीसुद्धा नायिका होतो, बाई.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“नाटक मंडळीत. स्त्रीपार्टी. बायकांनी रंगभूमीवर यायचं नाही, मग बायकांची गाणी गायला पोरं लागायची. आवाज असा होता म्हणे, की बाहेर चहावाले किटली खाली ठेवायचे.” खाकरले. “मग चौदावं लागलं. आवाज अडखळायला लागला. मालक म्हणाले, एवढा हंगाम काढ. ज्येष्ठमध दिला, गरम तूप दिलं. दिवसभर बोलायचं नाही, संध्याकाळी गायचं. आणि काढला की हंगाम. शेवटच्या मुक्कामाला तिसऱ्या अंकात वरचा सूर लावला आणि घशात काहीतरी फाटलं. तेव्हापासून हा असा आहे.”

“लोक काय म्हणाले?”

“हसले. शालू नेसलेल्या नायिकेच्या तोंडून रेड्याचं रेकणं आलं, हसतील नाही तर काय? आठवड्यात दुसरा मुलगा आणला. माझा शालू त्याला बरोबर झाला.”

सर सायकल ढकलत गर्दीतून वाट काढत होते. मग मागे न बघता म्हणाले, “तुमच्यासमोर बोलू नये, पण चर्चमधल्या पाद्रीबाबांनी सांगितलं. तिकडे युरोपातही एके काळी देवळात बायकांना गायची बंदी. मग पोरांचा आवाज कोवळा राहावा म्हणून त्यांना लहानपणीच कापायचे. बैलासारखे. आयुष्यभर बाईच्या आवाजात गायचे ते. लोक रडायचे म्हणे ऐकून. आमच्याकडे कापत नव्हते. नुसतं फुटू द्यायचे नाहीत.”

आता भानुदासकडे येते. माझ्याच वर्गातला मुलगा. बिबवेवाडीचा, तेव्हा ती वाडीच होती, पेरूच्या बागा आणि ज्वारी. वडील पेरू घेऊन मंडईत यायचे, त्यांच्याबरोबर भानुदास शाळेत. अभ्यासात बेताचा, पण गायला लागला की मी खडू खाली ठेवायची. आंतरशालेय समूहगान स्पर्धेची फिरती ढाल त्याच्या जोरावर दोन वर्षं आमच्याकडे होती. तिसऱ्या वर्षीही जिंकली की ती कायमची आमची. पेंडसेसरांनी तर आपल्या खोलीत तिच्यासाठी भिंतीत पक्की खुंटी मारून घेतली होती.

त्या वर्षी सरांनी पेरणीच्या एका गाण्याला चार ओळींत चाल लावली होती. शेवटाला चारही गट हळूहळू खाली खाली जायचे, आणि त्या सगळ्यांवरून भानुदासचा एकट्याचा आवाज वर निघायचा. ती ओळ सरांनी त्या गळ्यासाठीच केली होती. तालमीत ती जागा आली की सर चालायचे थांबत. तेवढंच काय ते थांबणं.

स्पर्धेला थोडे दिवस उरले असताना त्याच जागी भानुदासचा आवाज दुभंगला.

वर्ग हसला नाही. वर्ग सरांकडे बघायला लागला. पेढे ठरलेले होते. सरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मी तास घ्यायला दारात आले होते. त्या तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मला सांगता येणार नाही, पण इतका घाबरलेला मोठा माणूस मी पाहिला नव्हता. मग ते भानुदासपाशी गेले, हात हातात घेतला आणि म्हणाले, “अभिनंदन.” पुढचं त्यांना खाकरावं लागलं म्हणून राहिलं.

दुसऱ्या दिवशी पेढे आले. एक पेंडसेसरांकडेही गेला, आणि त्यांनी तोंडात टाकायच्या आधी शिपायाला विचारलं, “कशाचे?”

पाचव्या मिनिटाला उकिडवेसर त्यांच्यासमोर होते. भानुदासची वर्गशिक्षिका म्हणून मलाही बोलावणं आलं.

“उकिडवे, ढाल आल्यावर फुटू द्या की कंठ.”

“ते माझ्या हातात नाही.”

“गाऊ देणं तर तुमच्या हातात आहे?”

“आहे. म्हणूनच नाही म्हणतो.”

“उत्तम. मग आपण त्याच्या वडिलांना विचारू. मुलगा त्यांचा आहे, तुमचा नाही.”

पुढचे दिवस फार वाईट गेले. सगळ्यात कठीण म्हणजे भानुदासला स्वतःला गायचं होतं. रोज सकाळी तो जिन्याखाली येऊन उभा राहायचा आणि ती ओळ म्हणून दाखवायचा. दहातून सहा वेळा ती बरोबर लागायची. पूर्वीइतकीच लखलखीत. लागली की तो सरांकडे बघायचा आणि सर पाठ फिरवून चालायला लागायचे. “गाऊ नकोस,” म्हणायचे. “खिडकीपाशी जा.” मुलगा रडायचा.

एकदा पटांगणात सरांनी मला गाठलं. “बाई, सकाळी लागतो हो. अगदी बरोबर लागतो. उन्हं चढली की फाटतो. आणि स्पर्धा सकाळीच आहे.” ते माझ्याभोवती गोल गोल फिरत बोलत होते, मलाही गोल फिरावं लागत होतं. “एकदाच गायचं. एका ओळीने काय होतंय? मला तरी पुन्हा असा गळा कधी मिळणार? ती ओळ कोणी ऐकलेलीच नाही अजून.” मग एकदम थांबून म्हणाले, “आमच्या मालकांनाही असंच वाटलं असेल. ते काही राक्षस नव्हते.” आणि निघून गेले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. इतका जीव जाळण्यापेक्षा काय ते ठरवून टाकावं ना माणसाने!

भानुदासचे वडील मंडईतून थेट आले, खांद्यावर रिकामं पोतं टाकून. खुर्ची दिली तरी कडेला टेकले. पेंडसेसरांनी त्यांना सगळं व्यवस्थित सांगितलं, ढाल, शाळेचं नाव, मुलाचं कौतुक. भानुदास दाराशी नखं खात उभा. सर खिडकीपासून कपाटापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

वडील म्हणाले, “मास्तर, सारी वाडी यायची हाय ऐकाया. त्याच्या आईनं नवा सदरा शिवलाय. येक डाव गाऊ द्या. मंग ऱ्हाऊ द्या की गप वरीसभर, आमी काय म्हनतोय?”

“पालकांची संमती आहे,” पेंडसेसर म्हणाले. “आता बोला.”

सर थांबले. भानुदासच्या वडिलांसमोर जाऊन म्हणाले, “मी गाऊन दाखवतो.”

आणि ते गायले. भानुदासचीच ओळ, त्याच पट्टीत. मी इतकी वर्षं त्या शाळेत होते, मी तो गळा गाताना तेव्हाच ऐकला. पहिला सूर जेमतेम उभा राहिला. दुसऱ्याला तो फाटला, तरी ते थांबले नाहीत. गळ्याच्या शिरा तटतटल्या, चेहरा लाल झाला, आणि त्या ओळीतला तो सर्वांत वरचा सूर त्यांनी लावला म्हणजे लावलाच, पण नुसता घोगरा, रक्ताळल्यासारखा वारा बाहेर आला. शेजारच्या खोलीतले कारकून दाराशी येऊन उभे राहिले. कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी ओळ पूर्ण केली.

“मी ह्याच्याएवढाच होतो,” ते म्हणाले. “आणि ह्याच्यापेक्षा बरा गायचो. मलाही आणखी थोडंच गा म्हणाले होते.”

मला रडू फुटलं. लपवायला काही नव्हतं म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

भानुदासचे वडील उठले. त्यांनी एकदा पोराकडे पाहिलं, पोतं खांद्यावर नीट केलं. “ऱ्हाऊ द्या, सायेब,” ते पेंडसेसरांना म्हणाले. मग सरांकडे वळून हळूच विचारलं, “लई दुखतं का वो गाताना?”

“गाताना नाही,” सर म्हणाले. “दुसऱ्याचं ऐकताना दुखतं.”

स्पर्धेला ती शेवटची ओळ झालीच नाही. चारही गट खाली खाली गेले आणि वर जिथे तो आवाज निघायचा तिथे सरांनी मोकळी जागा ठेवली. मुलींना ती ओळ द्या, असं मीही सुचवलं होतं, पण ऐकतील तर शपथ. परीक्षकांना वाटलं मुलं विसरली. आमचा तिसरा नंबर आला. बिबवेवाडीची मंडळी तरीही आली होती. भानुदास नव्या सदऱ्यात त्यांच्यामध्ये बसून मांडीवर ताल धरत होता. ढाल दुसऱ्या शाळेची मुलं टांग्यात घालून नेत होती तेव्हा पेंडसेसर उकिडवेसरांपाशी आले. “अभिनंदन, उकिडवे. घसा राहिला, ढाल गेली.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “दोन्ही एकदम नसतं मिळालं.”

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात गायनाचे तास निम्मे झाले आणि उरलेल्या तासांना सरांच्या नावापुढे हस्तकला आली. त्यांनी मुलांना कागदाच्या होड्या करायला शिकवलं, तेही वर्गभर फिरत. सहामाहीनंतर ते दुसऱ्या कुठल्याशा शाळेत गेले. निरोपसमारंभ झाला नाही. जाताना शिपायाला म्हणाले, “आता कप शोधायला नको तुला.” तो बिचारा रडला. मला जिन्यात भेटले आणि नुसती मान हलवली. मला ते फार लागलं. आपण या माणसाला किती मानत होतो ते तेव्हा एकदम कळलं, आणि सांगायला ते खाली पटांगणातही नव्हते.

मध्ये बरीच वर्षं गेली. मीही निवृत्तीला आले. बिबवेवाडीला माझी भाची राहायला गेली होती. पेरूच्या बागा जाऊन तिथे इमारती उठल्या होत्या. तिच्याकडे जायला एका दुपारी मी बसमध्ये चढले, तर पुढच्या दारापाशी दांडा धरून सर. पांढरे झाले होते, वाळले होते, पण डोळे तेच, सारखे इकडून तिकडे. मला बघून नमस्कार वगैरे काही नाही. “काळी तीन,” म्हणाले. आणि लगेच ओठांवर बोट ठेवून, “ऐका.”

मी ऐकू लागले. बसमध्ये काय ऐकायचं? हॉर्न, पत्रे, एक रडणारं मूल. मागून कंडक्टर येत होता, “पुढं सरका, पुढं सरका, दारात कोन थांबलंय?” असं म्हणत. भरदार माणूस, मिशा. आणि आवाज असा की तो जोरात बोलत नव्हता तरी ड्रायव्हरपर्यंत सगळ्या माना वळत होत्या. तो माझ्यापर्यंत आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “गोडबोलेबाई? मी भानुदास. भूमितीत नापास.”

त्याने माझं तिकीट फाडलं, घरची चौकशी केली. वडील गेले, म्हणाला, जमीन गेली, पोरं कॉलेजात आहेत. मग परत मागे वळला. सर त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कान लावून उभे होते.

“काय खर्ज लागलाय बघितलात?” ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज आता जवळजवळ संपला होता, मला वाकून ऐकावं लागलं. “माझ्या दोन खोल्या इथेच आहेत, पुढच्या चौकात. त्याची ड्युटी ज्या वेळेला असते त्याच वेळेला मी बाहेर पडतो.”

“गातो का तो?” मी विचारलं.

“नाही.” सरांनी दांड्यावर बोटं आपटली. “विचारलं होतं मी. म्हणाला, येळ कुठं हाय, सर. फार लागलं हो मला. चार दिवस जेवण गेलं नाही. म्हटलं, एवढं सगळं केलं ते कशासाठी?” बस खड्ड्यात आदळली, त्यांनी तोल सावरला. “मग वाटलं, त्याचा आवाज आहे. तो गाईल, नाहीतर तिकिटं विकेल. माझ्या वेळी मला कोणी विचारलंच नव्हतं.”

त्यांचा चौक आला. ते उतरले आणि बसच्या पुढून, कोणाकडे न बघता, नेहमीच्या घाईने रस्त्यात शिरले.

“सर! थांबा!”

भानुदासने दारातून अर्धं अंग बाहेर काढून हाक मारली होती. पलीकडून रिक्षा येत होती. ती हाक हॉर्नच्या, इंजिनच्या, सगळ्या चौकाच्या वरून गेली. भाजीच्या गाड्यावरची बाई थांबली, समोरच्या गॅलरीतला माणूस वाकून बघायला लागला. सर जिथल्या तिथे थांबले. रिक्षा त्यांच्या धोतराला वारा घालून निघून गेली.

सरांनी रिक्षाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते भानुदासच्या दिशेला वळून मान किंचित तिरकी करून ऐकत उभे होते, हाक संपली होती तरी. रस्ता मोकळा होता. भानुदासने त्यांना हाताने जा म्हटलं. ते गेले नाहीत. मग त्याने दोरी ओढली, घंटी वाजली आणि आमची बस निघाली.